कुडचे अण्णांचा बिल्ला

“अण्णा, चौथरा! थांबा!”

मी इतक्या जोरात ओरडले की माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. अण्णांनी ब्रेक दाबला. आमची अँबेसिडर पुढं वाकली, करकरली आणि थांबली. तेली चौकाच्या मधोमध नगरपालिकेनं एक गोल चौथरा बांधायला घेतला होता. वरचा गिलावा अजून ओला होता आणि कडेला पाय सोडून एक गवंडी काम करत बसला होता. तो थापीसकट पलीकडं उडी मारून उभा राहिला आणि तिथूनच त्यानं शिव्या द्यायला सुरुवात केली. मग गाडी कुणाची आहे ते त्याच्या लक्षात आलं.

“अण्णा, तुम्ही व्हय?” तो म्हणाला.

“काल न्हवता हा चौथरा,” अण्णा म्हणाले.

“चार दिस झालं की कामाला.”

त्यांनी गाडी मागं घेतली, चौथऱ्याला वळसा घातला आणि कॉलेजच्या रस्त्याला लागले. बऱ्याच वेळानं मला म्हणाले, “ऊन आलं गं डोळ्यावर.”

सकाळचे दहा वाजले होते. ऊन आमच्या पाठीमागं होतं.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालची. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. माझे वडील आदगोंडा कुडचे स्टेशनसमोरच्या स्टँडवर टॅक्सी चालवायचे. सगळं गाव त्यांना कुडचे अण्णा म्हणायचं. आमच्या गावात दवाखाने फार. कर्नाटकातून, कोकणातून पेशंट यायचे, रेल्वेतून उतरायचे आणि स्टँडवर येऊन विचारायचे, अण्णा कोणते? कारण त्यांना गावाकडून तसंच सांगून पाठवलेलं असायचं. पोटुशी बाई असेल तर अण्णा कासार पेठेतून कधी जायचे नाहीत. तिथली फरशी उखडलेली होती. ते पाण्याच्या टाकीच्या उतारानं लांबून जायचे आणि वर घड्याळ दाखवून सांगायचे, “चार मिनिटं जास्त लागली, पण एक धक्का बसला न्हाई.”

एकतीस वर्षं त्यांनी गाडी चालवली. एकदाही कुणाला घासले नाहीत. लायसनच्या छोट्या पुस्तकात गुन्ह्यांची नोंद करायला मागं दोन-तीन पानं असायची. अण्णांची ती पानं कोरी होती आणि वर्षातून एकदा तरी ते आम्हाला ती उघडून दाखवायचे. छातीवर पितळी बिल्ला, नंबर एकवीस. आई तो दर रविवारी चिंचेनं घासून द्यायची.

त्या दिवशी वर्गात माझं लक्ष लागलं नाही. दुपारी मी स्टँडवर गेले आणि म्हणाले, “अण्णा, घरी सोडा मला.” कॉलेजच्या तीन वर्षांत मी असं कधी म्हटलं नव्हतं. मी शेजारी बसले. गाडी बागवान बोळातून निघाली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“अण्णा, त्या कोपऱ्यावरच्या दुकानावर काय लिहिलंय हो? माझा चष्मा घरी राहिलाय.”

त्यांनी मान वळवून बघितलं. अगदी नीट बघितलं. “घोडके सायकल मार्ट,” म्हणाले.

घोडक्यांचं दुकान दिवाळीत बंद झालं होतं. तिथं आता औषधांचं दुकान होतं आणि दारावर हातभर उंचीच्या लाल अक्षरांची पाटी होती.

मी त्यांच्याकडं बघत राहिले आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ते गाडी कशी चालवतात. पिठाच्या गिरणीचा वास आला की ते गिअर बदलत होते. जुन्या वेशीपाशी रस्त्यात एक आडवी दगडी पट्टी होती. तिच्यावरून चाकं उतरली की ते मनात काहीतरी मोजत आणि डावीकडं वळत. समोरून येणाऱ्या माणसाचा त्यांना नुसता आकार दिसत असावा. हॉर्न द्यायचे, आकार हलेपर्यंत वेग कमी करायचे. सगळं गाव त्यांच्या डोक्यात होतं. इतकं पक्कं, की डोळे गेले तरी कुणाला पत्ता लागला नव्हता. मला भीतीही वाटत होती आणि खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटत होता.

“मार्केट यार्डाकडं घ्या गाडी,” मी म्हणाले.

“कशाला?”

“घ्या म्हणते ना.”

मार्केट यार्डामागच्या मोकळ्या मैदानात त्यांनीच मला दोन वर्षांपूर्वी गाडी शिकवली होती, रविवारी, बाजार बंद असायचा तेव्हा. त्यांनी इंजिन बंद केलं. दोघंही समोरच्या काचेतून बाहेर बघत बसलो.

“घोडक्यांचं दुकान नाहीये तिथं अण्णा. दिवाळीपासून.”

त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

“कधीपासून दिसत नाही?”

“दिसतं की.”

“अण्णा.”

“अक्षरं दिसत न्हाईत,” ते म्हणाले. “तीन वर्षं झाली. आधी रात्रीचं गेलं. रात्रीची भाडी बंद केली मी. मग पाट्या गेल्या. माणसं दिसतात गं. धूसर दिसतात, पण दिसतात.”

“आणि मागच्या वेळेला लायसन रिन्यू कसं झालं?”

“झालं,” एवढंच म्हणाले.

“रोज पेशंट डोळ्यांच्या दवाखान्यात सोडता. एकदा आत जाऊन दाखवलं का नाही?”

“दाखवलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं,” अण्णा म्हणाले.

मग ते माझ्याकडं वळले. “आईला सांगू नको. सोमवारी आर.टी.ओ.त जायचंय, मुदत संपतेय. आणखी तीन वर्षं मिळाली की बास. तोवर तुझं शिक्षण होईल, काहीतरी मार्ग निघेल. मला काय रस्ता बघावा लागतो व्हय? सगळं गाव पाठ आहे मला.”

“चौथरा नव्हता पाठ.”

त्यांनी किल्लीला हात घातला.

“सोमवारी तुम्ही सही घ्यायला गेलात,” मी म्हणाले, “तर मी पण येणार. मी साहेबांना सांगणार.”

आयुष्यात मी त्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं. त्यांनी गाडी सुरू केली. घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. शनिवारीही नाही. स्टँडवरही गेले नाहीत, ताप आलाय म्हणून आईला सांगितलं. रविवारी सकाळी गाडी दारात ठेवून पायी कुठंतरी जाऊन आले. आईनं बिल्ला घासून ठेवला होता. तो त्यांनी हातात घेतला, अंगठ्यानं चाचपला आणि परत ठेवला. आई मला आत येऊन म्हणाली, “काय झालंय गं ह्यांना?” मी म्हणाले, “काही नाही.”

सोमवारी सकाळी ते खाकी कपडे घालून, बिल्ला लावून तयार झाले. मला म्हणाले, “चल. येणार होतीस नव्हं?”

त्यांनी गाडी इतकी हळू चालवली की सायकलवाले आम्हाला मागं टाकून जात होते. मी सारखी पुढं बघून सांगत होते, डावीकडं हातगाडी आहे, पुढं म्हातारा आहे. ते नुसते मान हलवत होते.

आमच्या गावचं आर.टी.ओ. तेव्हा जुन्या कचेरीच्या मागं, एका पत्र्याच्या लांबट इमारतीत होतं. आवारात लिंबाचं झाड. त्याखाली टाइपरायटर घेऊन फॉर्म भरून देणारे बसायचे. पलीकडच्या मैदानात चुन्यानं मोठा आठ आखलेला असायचा आणि त्यावरून घामाघूम झालेले नवे लोक स्कूटर फिरवत असायचे. आत लाकडी बाक, कागदांचा आणि शाईचा वास. रांगेत ट्रकवाले, रिक्षावाले, एक-दोन पांढरपेशे. अण्णा आत आले तसे दोघं-तिघं उठून उभे राहिले. “या अण्णा, पुढं या, तुम्ही कशाला थांबताय रांगेत.”

“थांबतो की. सगळ्यांसारखा,” अण्णा म्हणाले आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

मी दाराशी उभी होते. काय बोलायचं ते मी रात्रभर पाठ केलं होतं. साहेब, माझ्या वडिलांना दिसत नाही. पाच शब्द. इतक्या लोकांपुढं, त्यांच्याच मुलीनं. वाटत होतं, रांग संपूच नये.

रांग संपली. खुर्चीवर बिडकर साहेब होते, वाहन निरीक्षक. चाळिशीचे, कडक म्हणून प्रसिद्ध. त्यांनी कुणाचीतरी स्कूटर नुकतीच नापास करून परत पाठवली होती. अण्णांना बघून मात्र हसले.

“कुडचे अण्णा! बसा. तीन वर्षं झाली पण? डॉक्टरांचा दाखला आणलाय?”

अण्णांनी दाखला पुढं केला. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी तो महिन्याभरापूर्वीच दिला होता. ते अण्णांना वीस वर्षं ओळखत होते आणि ओळखीच्या माणसाचे डोळे कोण तपासतं?

“तुमची काय परीक्षा घ्यायची,” साहेब म्हणाले. “पण नियम आहे. ती समोरची गाडी दिसते? तिचा नंबर वाचा.”

खिडकीतून आवाराच्या त्या टोकाला ऑफिसची जीप उभी दिसत होती. अण्णांनी खिडकीकडं तोंड केलं.

“अठ्ठेचाळीस एकोणीस,” ते खणखणीत आवाजात म्हणाले. पुढची अक्षरंही म्हणाले. सगळं बरोबर.

क्षणभर मला वाटलं, माझंच चुकलं. यांना दिसतंय. मग माझ्या लक्षात आलं. साहेबांनी दौतीजवळचं पेन उचललं, लायसनचं पुस्तक उघडलं. मी एक पाऊल पुढं टाकलं. तोंड उघडलं.

“साहेब, सही करू नका,” अण्णा म्हणाले.

साहेबांनी वर बघितलं.

“ती जीप आठ वर्षं त्याच जागेवर असते. तिचा नंबर मला पाठ आहे. मागच्या वेळेला पण मी तोच म्हणून दाखवला होता. आता बाहेरची एखादी परगावची गाडी आणून लावा तिथं. मला वाचता येणार न्हाई.”

“अण्णा, चेष्टा करताय का?”

“चेष्टा न्हाई साहेब. शुक्रवारी तेली चौकात माझ्या हातनं माणूस गेला असता. एका थापीचं अंतर राहिलं होतं.”

मी चमकले. किती अंतर राहिलं होतं ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. मग कळलं, रविवारी सकाळी ते कुठं गेले होते. पुढं त्यांनीच सांगितलं, त्या गवंड्याला शोधून काढून त्यांनी विचारलं होतं आणि त्यानं थापी आडवी धरून, त्यांच्या हाताला लावून दाखवलं होतं.

शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाचा शिक्का हवेतच राहिला.

साहेब हळू आवाजात म्हणाले, “हे तुम्ही बोलला नसता तर मला कळलंसुद्धा नसतं.”

“कळलं असतं. ती पोरगी उभी आहे बघा दारात, माझी थोरली. ती सांगणार होती. तिनं मला आधीच बजावलंय.” अण्णांनी माझ्याकडं मान वळवली. माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता, हे आता मला माहीत होतं. “पण तिच्या तोंडनं यायला नको होतं. लायसन माझं आहे. मीच बोलाय पाहिजे.”

त्यांनी छातीवरचा बिल्ला सोडवला. पिन अडकली होती, दोनदा ओढावी लागली. टेबलावर ठेवला.

कारकुनानं सवयीनं पुस्तक ओढून घेतलं आणि ‘रद्द’चा शिक्का शाईत बुडवला. अण्णांना तो आवाज कळला.

“तो शिक्का नको,” ते पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. “रद्द झालेलं न्हाई ते. मी परत दिलंय.”

कारकून साहेबांकडं बघायला लागला. साहेबांनी त्याच्या हातून पुस्तक घेतलं, मागची कोरी पानं एकेक उलटून बघितली आणि शेवटच्या पानावर स्वतःच्या हातानं लिहायला लागले. लिहून झाल्यावर त्यांना आठवलं असावं की समोरच्याला हे वाचता येणार नाही. मग त्यांनी ते वाचून दाखवलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“धारकाने स्वतःहून परत केले. एकतीस वर्षांत एकही नोंद नाही.”

खाली सही केली, तारीख टाकली. बाकावरचा एक दांडगा ट्रकवाला काही न बोलता उठला आणि त्यानं अण्णांच्या दंडाला धरून त्यांना स्वतःच्या जागेवर बसवलं. आत्ता लिहितानाही मला त्याचा तो तेलकट पंजा दिसतो.

“आता तिचा फॉर्म घ्या,” अण्णा म्हणाले.

“कुणाचा?”

“पद्माचा. शिकाऊ लायसनचा.”

हे मला माहीत नव्हतं. साहेबांनी मला पुढं बोलावलं. “गाडी कधी हातात धरली आहेस का?”

मी अण्णांकडं बघितलं. आता या खोलीत खोटं बोलायची सोय नव्हती. “हो. मार्केट यार्डामागं. रविवारी.”

“लायसन नसताना?”

“हो.”

“हे मी ऐकलं नाही,” साहेब म्हणाले.

“ऐका साहेब,” अण्णा म्हणाले. “शिकवलं मीच.”

साहेब हसले. बाकावरचे लोक हसले. मी रडत होते की हसत होते, मला सांगता येणार नाही. फॉर्मवर माझी सही वाकडी आली आणि ती वाकडी सही पुढं कितीतरी वर्षं माझ्या लायसनवर तशीच राहिली.

बाहेर आलो. गाडी लिंबाखाली उभी होती. मी किल्लीसाठी हात पुढं केला.

“मी नेते. सावकाश नेते.”

“पक्कं लायसन आहे तुझ्याकडं?”

“नाही, पण...”

“मग?”

किल्ली त्यांनी खिशात टाकली. गाडी तिथंच ठेवून आम्ही चालत निघालो. एकतीस वर्षांत त्या रस्त्यांवरून अण्णा कामाच्या दिवशी पायी गेले नव्हते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. जुन्या वेशीपाशी आल्यावर म्हणाले, “सांग आता, काय काय बदललंय?”

मी सांगायला लागले. घोडक्यांच्या जागी औषधं. पलीकडं कापडाचं दुकान होतं तिथं बँक. तंबोळी गल्लीच्या तोंडाला टेलिफोनचा खांब नवीन आहे. ते प्रत्येक गोष्टीपाशी थांबत, हात लावून बघत, “असं व्हय,” म्हणत. जणू परगावचा माणूस पहिल्यांदा गाव बघायला आलाय. एकदा मध्येच म्हणाले, “तू वरडलीस ना, तोपर्यंत मला रस्ता मोकळा दिसत होता. एकदम मोकळा. त्याचीच भीती बसली.”

त्यांच्या डोळ्यांची नस सुकत चालली होती. पुढच्या आठवड्यात ज्या दवाखान्यात ते रोज पेशंट सोडायचे, तिथल्याच डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवू. त्यांनी ते पुढं बरीच वर्षं टिकवलं. गाडीवर आम्ही बदली ड्रायव्हर ठेवला. मला पक्कं लायसन मिळालं, पण टॅक्सीचा बिल्ला मिळायला आणखी दीड वर्ष गेलं. मग सत्तावीस वर्षं मी त्या स्टँडवर गाडी लावली. पण हे सगळं नंतरचं. त्या सोमवारी आम्ही चालत स्टेशनसमोर पोचलो होतो.

स्टँडवर दुपारच्या गाडीची वाट बघत सगळे ड्रायव्हर जमले होते. अण्णांना पायी येताना बघून ते उठले. मी अण्णांना बाजूच्या गल्लीतून न्यायला बघत होते, पण त्यांनी माझा खांदा दाबला आणि सरळ स्टँडकडंच वळवलं.

“अण्णा, गाडी कुठाय?” कुणीतरी विचारलं. “आणि बिल्ला?”

“बिल्ला परत दिला. डोळे गेले माझे,” अण्णा म्हणाले. आवाजात जराही कंप नव्हता. “गाडी आर.टी.ओ.च्या आवारात आहे, ही घ्या किल्ली, कुणीतरी संध्याकाळी घरी आणून लावा. आणि माझी जागा मोडू नका. तिथं आता पद्मा गाडी लावणार.”

अकरा ड्रायव्हर होते. एकजण हसेल असं मला वाटलं होतं. कुणी हसलं नाही. सगळे माझ्याकडं बघत होते आणि अण्णा माझ्या खांद्यावर हात ठेवून असे ताठ उभे होते की लायसनच्या परीक्षेत नापास व्हायचा विचारसुद्धा मला त्यानंतर कधी शिवला नाही.